चंगीझखानाचा जमाखर्च

मराठी माणूस रागावला, की त्याच्या तोंडून एक शब्द हमखास बाहेर पडतो. घरमालकाने न विचारता नळ बंद केला, कचेरीतल्या साहेबाने हक्काची रजा नाकारली, किंवा घरातल्या धाकट्याने थोरल्याच्या वाटणीच्या चकल्या फस्त केल्या, की आपण म्हणतो, "ही काय मोगलाई लागून गेली आहे?" गंमत अशी, की हाच गृहस्थ संध्याकाळी चार मित्रांबरोबर हॉटेलात शिरला आणि तिथल्या फळ्यावर 'मोगलाई' हा शब्द त्याने वाचला, की त्याच्या तोंडाला पाणी सुटते. शब्द एकच, पण सकाळी त्याचा अर्थ जुलूम आणि संध्याकाळी त्याचाच अर्थ केशर, बदाम आणि तूप!

मी व्यवसायाने मराठीचा प्राध्यापक. शब्दाच्या मागे मागे जाण्याची खोड जडलेली. या शब्दाचे बोट धरून चालू लागलो, की औरंगजेब, अकबर, बाबर असे करीत करीत आपण थेट मंगोलियाच्या गवताळ मैदानात, ओनोन नदीच्या काठी जाऊन पोहोचतो. 'मोगल' हे 'मंगोल' या नावाचेच फारसीतून आलेले रूप. बाबर बापाकडून तैमूरचा वंशज आणि आईकडून चंगीझखानाचा. तैमूर स्वतः काही चंगीझखानाच्या कुळातला नव्हता. त्याने त्या कुळातली राजकन्या केली आणि 'गुरकान' ही पदवी मोठ्या डौलाने मिरवली. गुरकान म्हणजे जावई! अर्ध्या आशियाला कापरे भरवणाऱ्या पुरुषालाही 'अमक्यांचा जावई' म्हणवून घेण्यात भूषण वाटावे, यावरून त्या सासुरवाडीचा दरारा किती असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा दरारा आठशे वर्षांनंतरही ओसरलेला नाही, याचा प्रत्यय मला अलीकडेच आमच्या महाविद्यालयातल्या वादविवाद स्पर्धेत आला. इतिहास मंडळाने विषय ठेवला होता, 'मंगोल विजयांनी जगाचे नुकसानापेक्षा कल्याणच अधिक केले'. परीक्षक तटस्थ हवा होता. आणि मराठीच्या प्राध्यापकाला इतिहासातले काहीच ठाऊक नसते अशी महाविद्यालयात सर्वत्र समजूत असल्यामुळे ती खुर्ची बिनविरोध माझ्या वाट्याला आली.

अनुकूल बाजूने बोलायला उठलेला विद्यार्थी तडफदार होता. त्याने एखाद्या दुकानदाराने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी वही उघडावी, तशी जमेची बाजू उघडली. आणि ती बाजू खोटी नव्हती, हे प्रथमच सांगून टाकतो.

तेमुजिन नावाच्या पोराचा बाप लहानपणीच विषप्रयोगाने मेला, टोळीने आईसकट पोरांना वाऱ्यावर सोडले, पुढे बायको शत्रूने पळवून नेली, असे मंगोलांचीच बखर सांगते. त्याच तेमुजिनाला १२०६ साली ओनोनच्या काठी भरलेल्या सभेने 'चंगीझखान' ही पदवी दिली. त्याने काय केले? भाऊबंदकीत बुडालेल्या टोळ्या मोडल्या आणि माणसांची दहा, शंभर, हजार, दहा हजार अशी नवी पथके बांधली. कुळ पाहिले नाही, कर्तबगारी पाहिली. १२२७ साली तो वारला. पण त्याच्या नातवांच्या काळात चीनच्या समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत एकाच घराण्याचा अंमल होता. या सबंध मुलखात ठरावीक अंतरावर घोडे बदलण्याचे तळ होते. सरकारी दूताने आपली धातूची पट्टी दाखवली, की ताजा घोडा, जेवण आणि निवारा मिळालाच पाहिजे. या टपालव्यवस्थेला 'याम' म्हणत.

आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांना मी ही हकिगत सांगितली, तेव्हा त्यांचे डोळे पाणावायचेच काय ते राहिले. "अहो प्राध्यापक," ते म्हणाले, "आमच्या वेळी तालुक्याहून तार यायला दुपार व्हायची, आणि हे लोक घोड्यावरून चीनची डाक इराणला पोहोचवीत होते! असल्या माणसाला तुम्ही नुसता क्रूर म्हणून मोकळे होता?" पोस्टमास्तरांच्या लेखी मानवजातीचे दोनच वर्ग आहेत, ज्यांनी टपाल वेळेवर पोहोचवले ते आणि बाकीचे.

धर्माच्या बाबतीतही असेच. मंगोलांनी मुल्ला, भिक्षू, ताओपंथी आणि ख्रिस्ती पाद्री या सर्वांना करमाफी दिली. १२५४ साली मोंगके खानाने आपल्या काराकोरम या राजधानीत ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध पंडितांची जाहीर चर्चा घडवून आणली. फ्रान्सच्या राजाच्या ओळखीचा विल्यम ऑफ रुब्रुक नावाचा ख्रिस्ती साधू त्या चर्चेत स्वतः बोलला आणि त्याने ती लिहून ठेवली. चर्चेचा निकाल काय लागला? वाद संपला, कोणी कोणाचा धर्म स्वीकारला नाही, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून यथेच्छ मद्यपान केले. आमच्या वादविवाद मंडळापेक्षा तिथले वातावरण बरेच मोकळे होते, एवढे म्हणता येईल.

विद्येचेही तेच. इराणातल्या मराघा येथे हुलागू खानाच्या आश्रयाने १२५९ पासून वेधशाळा उभी राहिली. नसीरुद्दीन तुसी हा थोर गणिती तिचा प्रमुख. त्याने ग्रहगतीसाठी मांडलेल्या भूमितीसारखीच रचना पुढे कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथात आढळते. रशिदुद्दीन या मंगोलांच्या वजिराने चिनी, हिंदी, युरोपीय अशा साऱ्या लोकांचा इतिहास एकाच ग्रंथात गोवला. बाजार, विद्या, टपाल आणि धर्म, अशी चारही खाती भरभक्कम!

शेवटी त्या विद्यार्थ्याने खिशातून मोबाईल काढला आणि हुकमाचे पान टाकले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, मंगोल स्वाऱ्यांमुळे ओस पडलेल्या शेतजमिनींवर पुन्हा रान माजले आणि त्या रानाने सुमारे ७० कोटी टन कार्बन हवेतून शोषून घेतला. "म्हणजे अध्यक्षमहाराज," तो विजयी मुद्रेने म्हणाला, "चंगीझखान हा पर्यावरणाचाही मित्र होता!" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्या ऐकताना माझ्या अंगावर मात्र काटा आला. रान माजले ते जमिनी ओस पडल्या म्हणून. आणि जमिनी ओस पडल्या त्या नांगर धरणारे हात उरले नाहीत म्हणून. टाळी नक्की कशाला पडली होती?

आता खर्चाची बाजू. ती मांडायला उठलेली विद्यार्थिनी वक्तृत्वात कमी होती. अडखळत होती, कागदात पाहत होती. पण तिने तपशील नेमके आणले होते.

सीर दर्या नदीवरच्या ओत्रार या शहरात १२१८ साली चंगीझखानाच्या वतीने आलेला सुमारे ४५० व्यापाऱ्यांचा तांडा तिथल्या अधिकाऱ्याने हेर समजून कापून काढला. खानाने दाद मागायला वकील पाठवले. ख्वारिझमच्या सुलतान महंमदाने मुख्य वकिलाला ठार केले आणि बाकीच्यांच्या दाढ्या भादरून त्यांना परत धाडले. अपराध उघडउघड सुलतानाचा होता. पण शिक्षा कोणाला झाली? सुलतान पळाला आणि कास्पियन समुद्रातल्या एका बेटावर आजारी पडून मेला. शिक्षा भोगली ती बुखारा, समरकंद, उर्गेंच, निशापूर, हेरात या शहरांतल्या विणकरांनी, भिश्त्यांनी आणि पोराबाळांनी. बामियानच्या वेढ्यात चंगीझखानाचा लाडका नातू पडला, तेव्हा तिथे जिवंत प्राणी म्हणून उरू द्यायचा नाही, असा हुकूम झाला.

आणि मर्व! आज तुर्कमेनिस्तानात असलेले हे शहर त्या काळी ग्रंथालयांसाठी प्रसिद्ध होते. १२२१ साली चंगीझखानाचा धाकटा मुलगा तोलुई याने ते घेतले. शहर शरण आले होते. लोकांना बाहेर मैदानात काढायला चार दिवस लागले. त्यातून सुमारे चारशे कारागीर आणि काही मुले वेगळी काढली. बाकीच्यांची सैनिकांत वाटणी झाली. दर सैनिकाच्या वाट्याला तीनशे-चारशे माणसे. हे लिहून ठेवणारा अता मलिक जुवैनी मंगोलांचा वैरी नव्हता. तो मंगोलांच्याच पदरी वाढला, १२५९ पासून हुलागूच्या वतीने बगदादचा कारभार पाहत होता. धन्याचा इतिहास लिहिताना त्याने हे लिहिले आहे.

इथे अनुकूल पक्षाकडून अपेक्षित आक्षेप आला, "आकडे फुगवलेले आहेत!" खरेच आहेत. मर्वच्या मृतांचा जुवैनीचा आकडा तेरा लाखांवर जातो. तिकडे मोसूलचा इब्न अल-अथिर सात लाख सांगतो. आसपासच्या खेड्यांतून आश्रयाला आलेले लोक धरले, तरी त्या काळच्या शहरात एवढी माणसे मावणे कठीण, असे आजचे अभ्यासक म्हणतात. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. आकडा फुगवण्यात खुद्द मंगोलांचाही हात होता. १२५८ साली बगदाद पडले, अब्बासी खलिफा मारला गेला. त्यानंतर हुलागूने १२६२ साली फ्रान्सच्या राजाला पाठवलेल्या पत्रात, आपण तिथे दोन लाखांहून अधिक माणसे मारली, असे स्वतःच कळवले आहे. पुढच्या शहराने ऐकावे आणि दरवाजे उघडावेत, यासाठी भीतीचा डांगोरा पिटणे हा युद्धाचाच भाग होता. ज्याने तो डांगोरा पिटला, त्याच्याच बचावासाठी आज 'इतके काही मारले नसतील' असे म्हणायचे, हा न्याय अजबच!

दुसरा आक्षेप असा, की त्या काळी सगळेच तसे होते. हा युक्तिवाद मला वर्गातही नेहमी ऐकू येतो. पण त्या काळच्या माणसांना तो पटलेला दिसत नाही. इब्न अल-अथिर काही कोवळ्या मनाचा गृहस्थ नव्हता. क्रूसेडची युद्धे त्याच्या हयातीतली. तरी त्याने लिहून ठेवले आहे, की ही हकिगत इतकी भयंकर, की कित्येक वर्षे ती लिहायला आपला हात धजला नाही. पोपने पाठवलेला साधू कार्पिनी १२४६ साली कीव्हवरून गेला. सहा वर्षांपूर्वी मंगोलांनी उद्ध्वस्त केलेल्या त्या थोर नगरीत त्याला जेमतेम दोनशे घरे दिसली आणि वाटेवर कवट्या आणि हाडे. त्या काळची रीतच तशी असती, तर त्या काळच्या माणसांनी इतके दचकून का लिहिले असते?

भाषणाच्या शेवटी त्या मुलीने कागद खाली ठेवला आणि सरळ आमच्याकडे पाहून विचारले, "या हिशेबात पैसे कोणी भरले आणि पावती कोणाच्या नावाने फाडली?" टाळ्या पडल्या नाहीत. वक्तृत्वाचे गुण वक्तृत्वालाच द्यावे लागतात, त्यामुळे पहिले बक्षीस त्या मुलाला गेले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला तो अजून मुक्कामाला आहे.

जमाखर्च मांडायचा तर वही एकाच माणसाची असावी लागते. माझ्या खात्यातून गेलेले पैसे शेजाऱ्याच्या खात्यात जमा झाले, तर त्याला कोणी 'शिल्लक' म्हणत नाही. मर्वच्या मैदानात उभ्या केलेल्या विणकराला टपालाचे घोडे मिळाले नाहीत, मराघाची वेधशाळा मिळाली नाही. ती ज्यांना मिळाली, ते दुसरे. बहुतेक नंतर जन्मलेले. तेव्हा 'एकंदरीत कल्याणच झाले' या वाक्यातला 'एकंदरीत' हा शब्द फार फसवा आहे. त्या शब्दात मारलेला आणि लाभलेला हे एकच होऊन जातात.

पण मला याहूनही महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. जमा आणि खर्च ही इथे दोन वेगळी पाने नाहीतच. मर्वला चारशे कारागीर वेगळे काढले. समरकंदला, जुवैनीच्या म्हणण्यानुसार, तीस हजार कारागीर निवडून खानाच्या मुलांत आणि नातलगांत वाटले. धट्टेकट्टे तरुण पुढच्या वेढ्यात खंदक भरायला आणि बाण झेलायला आघाडीवर हाकले. उरलेल्यांचा उपयोग नाही, म्हणून तलवार. विद्येची आणि कलेची जी देवघेव आपण कौतुकाने सांगतो, ती पुष्कळ अंशी याच निवडीतून निघालेली आहे. इराणी विणकर चीनच्या हद्दीत गेले ते पर्यटनाला नव्हे. मराघाच्या ग्रंथालयात ग्रंथ आले, त्यांतले पुष्कळसे बगदादच्या लुटीतून. एकाच हाताने एकाच दिवशी ही निवड केली. ज्या चाळणीने विद्वान वाचवला, त्याच चाळणीने त्याचा शेजारी खाली पडला.

रुब्रुकला मोंगके खानाच्या छावणीत फ्रान्सच्या सीमेवरच्या मेट्झ गावची एक बाई भेटली. हंगेरीत ती मंगोलांच्या हाती सापडली आणि एवढ्या लांब आली. वाटेत तिने सोसलेले हाल ऐकवणार नाहीत असे होते. आता मात्र तिचे बरे चालले होते. नवरा रशियन, तरुण, घरे बांधण्यात कुशल, म्हणजे तिथे मागणी असलेला कारागीर. पदरी तीन गोजिरवाणी मुले. तिनेच रुब्रुकला पॅरिसच्या एका सोनाराची माहिती दिली. तोही असाच धरून आणलेला. त्याने खानासाठी चांदीचे एक अजब झाड बनवले होते. त्याच्या सापांच्या मुखांतून चार प्रकारची मद्ये वाहत, आणि शेंड्यावरचा देवदूत कर्णा वाजवी. त्या देवदूताची गंमत अशी, की कर्णा फुंकणारा माणूस झाडाखाली लपून बसलेला असे. दरबारातल्या पाहुण्यांना दिसे तो देवदूत. मला इतिहासातली ही साम्राज्याची सर्वांत खरी प्रतिमा वाटते.

त्या बाईला आपण 'लाभार्थी' म्हणून जमेच्या बाजूला लिहायचे, की 'बळी' म्हणून खर्चाच्या? ती स्वतःची कहाणी सांगते त्यात दोन्ही आहे, आणि एकाने दुसरे फिटत नाही. मुले गोजिरवाणी आहेत म्हणून तिचे अपहरण योग्य ठरत नाही. आणि अपहरण झाले म्हणून तिचा आताचा संसार खोटा ठरत नाही. २००३ साली एक जनुकशास्त्रीय अभ्यास गाजला. त्यानुसार मध्य आणि पूर्व आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या सुमारे ८ टक्के पुरुषांत एकाच पुरुषवंशाची खूण सापडते, आणि तो वंश चंगीझखानाच्या घराण्याचा असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. हा आकडा सांगताना लोकांच्या चेहऱ्यावर एक मिस्कील हसू येते. मला मेट्झच्या बाईची आठवण येते. त्या वंशवृक्षात बापाची खूण मोजली गेली. आयांची संमती कोणी विचारली होती, हे कोणत्या प्रयोगशाळेत मोजायचे?

कोणी म्हणेल, हे सारे दूरदेशीचे. आपल्याला त्याचे काय? तर थोडे जवळ येऊ.

१२९० मध्ये रामदेवराव यादवाच्या राज्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा मंगोलांच्या धाडी पंजाबवर वर्षानुवर्षे येत होत्या. लाहोर १२४१ मध्येच लुटले गेले होते. कवी अमीर खुस्रो १२८५ मध्ये काही काळ त्यांच्या कैदेत पडला होता. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, अपार लूट घेऊन गेला, आणि त्या पैशाच्या जोरावर चुलत्याचा खून पचवून दिल्लीच्या तख्तावर बसला. पुढे १२९९ ते १३०६ या काळात त्याच्या फौजांनी मंगोलांच्या एकामागून एक स्वाऱ्या परतवल्या. १३०३ मध्ये तर ते दिल्लीच्या वेशीवर येऊन बसले होते. म्हणजे देवगिरीच्या लुटीने हिंदुस्थान मंगोलांपासून वाचवला, असा हिशेब कोणी मांडला, तर? हिशेब अगदीच चुकीचा नाही. पण तो मांडून देवगिरीच्या लुटलेल्या सावकाराकडे, घर जळालेल्या कुणब्याकडे जाऊन 'एकंदरीत बरेच झाले' असे म्हणण्याचे धाडस तुम्हांला होईल काय? मला होणार नाही. आपल्या अंगणातले दुःख 'एकंदरीत' या शब्दात मावत नाही, हे आपल्याला लगेच कळते.

आणि दुसरे उदाहरण याहून अवघड. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. आपल्या शालेय पुस्तकांत ती मराठ्यांच्या विस्ताराची कथा आहे. अलिवर्दीखानाने अखेर वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली, याचा आपल्याला अभिमान. बंगाल्यात मात्र आजही आई मुलाला निजवताना 'बर्गी' आल्याचे गाणे म्हणते. बर्गी म्हणजे आपला बारगीर! आपल्या पोवाड्यातला वीर त्यांच्या अंगाईतला बागुलबुवा आहे. मंगोलांशी आपली तुलना करण्यासाठी हे सांगत नाही. संहाराच्या प्रमाणात आणि पद्धतीत फार अंतर आहे. पण मंगोलियातल्या मुलाला चंगीझखानाविषयी काय वाटत असेल, हे समजून घ्यायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही, एवढेच.

त्या मुलालाही दोष देता येत नाही. मंगोलिया सोव्हिएत रशियाच्या छायेत होता, तेव्हा चंगीझखानाचे नाव आदराने घेणे हाच गुन्हा होता. १९६२ साली त्याच्या जन्माला आठशे वर्षे झाली म्हणून सोहळा झाला, तिकिटे छापली गेली. पण लगोलग तिकिटे मागे घेतली गेली आणि सोहळ्यामागच्या तोमोर-ओचिर या पुढाऱ्याला पदच्युत व्हावे लागले. १९९० नंतर बंधन सुटले आणि दाबून ठेवलेले सारे उसळून वर आले. नोटांवर त्याचे चित्र, विमानतळाला त्याचे नाव, आणि २००८ साली उलानबातरजवळ उभारलेला चाळीस मीटर उंचीचा पोलादी अश्वारूढ पुतळा. ज्या राष्ट्राला स्वतःचा पूर्वज आठवण्याची बंदी होती, ते त्याचा पुतळा जरा उंचच बांधणार! इराणात आणि इराकात मात्र त्याच नावाचा अर्थ आजही सर्वनाश. दोघेही आपापल्या अनुभवाला धरून बोलत आहेत.

मग आपण मुलांना सांगायचे काय? 'क्रूरकर्मा' म्हणून एका शब्दात पान उलटायचे, की 'युगपुरुष' म्हणून आरती ओवाळायची? माझ्यापुरते मी ठरवले आहे, की दोन्ही गोष्टी सांगायच्या, पण एकीने दुसरीची भरपाई करायची नाही. टपाल सांगताना ते कोणाच्या घोड्यांवर आणि कोणाच्या चाऱ्यावर चालले, हेही सांगायचे. वेधशाळा सांगताना ग्रंथ कुठून आले, हेही. आणि भाषेचा माणूस असल्यामुळे, आणखी तीन शब्द सांगायचे. 'बहादूर' हा शब्द मंगोल आणि तुर्क टोळ्यांतून आला. 'दारोगा' मंगोलांच्या जिंकलेल्या शहरांवर बसवलेल्या अधिकाऱ्याच्या नावातून आला. आणि आपला रोजचा 'नोकर'? मूळ मंगोल शब्द 'नोकोर'. अर्थ, नायकाचा विश्वासू सोबती. फारसीच्या रस्त्याने आपल्यापर्यंत येता येता सोबत्याचा चाकर झाला. या तीन शब्दांत त्या साम्राज्याची अर्धी गोष्ट सामावली आहे: वीर होते, वर साहेब बसले, आणि सोबती चाकर झाले.

उरलेली अर्धी गोष्ट मर्वची. तोलुईचे सैन्य निघून गेल्यावर सय्यद इज्जुद्दीन नस्साबा नावाचा एक गृहस्थ आणखी काही माणसांना घेऊन मृतांची मोजदाद करायला बाहेर पडला, असे जुवैनी सांगतो. नस्साबा म्हणजे वंशावळी जाणणारा; कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा नातू, याचा जाणकार. तेरा दिवस आणि तेरा रात्री ते मोजत होते. बिळांत, खाचखळग्यांत, खेड्यांत आणि वाळवंटात मेलेले त्यांनी धरले नाहीत. डोळ्यांना दिसले तेवढेच मोजले. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता, कोणी मोबदला देणार नव्हते. त्यांचा तेरा लाखांचा आकडा बहुधा चुकीचा आहे; एवढे मोजणे तेरा दिवसांत माणसाच्या आटोक्यातलेच नाही. पण घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या माणसाने, ज्यांची घराणीच संपली अशा लोकांची नोंद कशाशीही वजा न करता घेतली. माझ्या मते त्या साऱ्या शतकात हिशेबाची वही नीट उघडली, ती त्याने.